शबानाची सात पानं

मित्रहो, गोंडपिपरी तालुक्यातल्या एका शाळेतलं पुस्तकांचं कपाट आज दुपारी पुन्हा कुलूपबंद झालं. कपाट सांभाळणाऱ्या गुरुजींनीच तासाभरापूर्वी मला फोनवर सांगितलं.

सकाळी तिथं 'मी वाचतोय ते पुस्तक' हा कार्यक्रम होता; मीही गेलो होतो. शिक्षण खात्याचे साहेब पाहायला येणार म्हणून पुस्तकं आजच मुलांच्या हाती दिली होती. पुस्तकाचं नाव आणि तीन नवे शब्द मात्र कालच पाठ करून घेतले होते. मुलं घडाघडा बोलली. साहेब खूश.

शिंप्याची शबाना रांगेत बसल्या बसल्या खरंच वाचत होती. साहेबांनी तिला विचारलं, "गोष्टीत पुढं काय होतं?"

"मालूम नाई सर. सात पानं झाली आन् तुमी आले."

सगळे हसले. कार्यक्रम संपताच गुरुजींनी तिच्या हातातून पुस्तक ओढलं.

"काऊन घेता सर? सोमवारी आणून देतो ना."

"हरवलं तर जाब मले द्या लागते, भाऊ," गुरुजी माझ्याकडं पाहत म्हणाले.

किळस आली. थोड्या वेळापूर्वी टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, त्याचीही.

सोमवारी शबाना पुन्हा पुस्तक मागायला जाणार आहे. मी सोबत जाईन. देतील, असं वाटतं तुम्हाला?