चावी दाराच्या बाहेर

कोपरीची थेल्मा एकोणीस वर्षं फायर अलार्मच्या धंद्यात आहे. धूर आला की कुठला हूटर वाजवायचा, लिफ्ट कुठे न्यायची, कुठलं दार सोडायचं, हे पॅनलला आधीच शिकवून ठेवावं लागतं. पॅनल स्वतःच्या डोक्याने काही करत नाही. ते शिकवायचं काम थेल्माचं.

डोंबिवलीतल्या एका क्लासचं पॅनल तिनेच लावलेलं. चौथा मजला, शंभर-सव्वाशे पोरं आणि जिन्याला एकच दार, त्याला विजेचं कुलूप. त्या दुपारी ती वर्षाच्या तपासणीला गेली, डिटेक्टरवर टेस्टचा धूर मारला. हूटर बोंबलला, लिफ्ट तळाला गेली. दार मात्र ढिम्म!

तिने लॅपटॉप जोडला आणि डोकंच फिरलं. तिने लिहिलेलं, धूर आला किंवा भिंतीवरची लाल डबी दाबली की दार सोड. आता तिथे होतं, ऑफिसातली चावी फिरवली तरच सोड. वर अंगठ्याने उघडायचं रोजचं मशीनसुद्धा अलार्ममध्ये बंद करून टाकलेलं.

"कोणी केलं हे?"

"तुमच्याच ऑलिव्हरने," क्लासच्या मालकीण शालन मॅडम म्हणाल्या. "काय करणार हो? क्लासची टेस्ट असली की कार्टी डबी दाबतात, दार उघडतं, सगळे पसार! शिव्या मला पडतात."

ऑलिव्हर म्हणजे थेल्माच्या बहिणीचा पोरगा. तिनेच शिकवलेला, तिनेच कामाला लावलेला. तिने तिथूनच फोन लावला.

"अरे गाढवा, दार धुरावरून का काढलंस?"

"मावशी, चावी ठेवलीय ना! मॅडम मागेच लागलेल्या गं."

"आणि ती फिरवणार कोण? तुझा बाप?"

तिने फोन कापला. "मॅडम, फिरवा चावी."

शालन मॅडमनी ड्रॉवर उघडला, बंद केला. "चावी आमच्या शिपाई तुळसाबाईंकडे असते. त्या चहा आणायला खाली गेल्यात."

हूटर ऐकून तुळसाबाई चार जिने धापा टाकत चढल्या. पण चावी त्यांच्या हातात, दाराच्या बाहेर, आणि चावीचं भोक ऑफिसात, दाराच्या आत! "अहो मॅडम, उघडा की!" त्या बाहेरून दार बडवायला लागल्या.

हूटर चालूच. दाराशी जमून हसणारी पोरं आता घाबरली. मागचे पुढच्यांना ढकलायला लागले. रुचिता नावाची एक बारकी मुलगी दारावर चेपली गेली आणि ओरडली. थेल्माने धावत जाऊन कुलपाची वायरच उपटली. वीज तुटली तसं दार उघडलं.

"धूर माझा होता म्हणून!" ती अशी कडाडली की पोरंसुद्धा जागच्या जागी थांबली. "खरा असता तर कोणाच्या आईला काय सांगितलं असतंत?"

मग तिने जुनं सगळं परत लिहिलं.

"ताई, तेवढं दाराचं..." शालन मॅडम पुटपुटल्या.

"डबीवर आवाज करणारं झाकण लावून देते. उचललं की किंचाळेल. पोरगं पकडा, कान पिळा, काय वाट्टेल ते करा. दार उघडणार म्हणजे उघडणार."

तपासणीच्या कागदावर तिने कोणी, कोणाच्या सांगण्यावरून, काय बदललं ते लिहिलं.

"अहो, घरचाच मुलगा ना तुमचा? नाव कशाला?"

"घरचा आहे म्हणून पहिलं त्याचं लिहिलं. खाली तुमचं आहे," थेल्मा म्हणाली, वायर परत जोडली आणि पुन्हा धूर मारायला स्टुलावर चढली.