तिचे चाळीस टक्के

आमच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये टक्के विचारले की कोणी बारावीचे सांगत नसे. अपंगत्वाच्या दाखल्यावरचे सांगायचे. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचे चाळीस होते, माझे पंच्याऐंशी. शाळेत मला कुणाच्या मार्कांचा हेवा वाटल्याचं आठवत नाही. तिच्या चाळिसांचा मात्र रोज वाटायचा.

सेंटर वागळे इस्टेटमध्ये होतं, एका छापखान्याच्या शेजारी, तळमजल्यावर. अपंग मुलामुलींना तिथे कॉम्प्युटर, ऑफिसचं काम आणि इंटरव्ह्यूत कसं बोलायचं ते शिकवत. मी बाळकुमहून आईबरोबर रिक्षाने यायची. व्हीलचेअर घडी करून मागे बांधलेली. ती दिव्याहून लोकलने एकटी यायची. तिचा डावा पाय जन्मापासून थोडा आखूड, त्या पायात जाड तळव्याचा बूट. चालताना ती एका बाजूला झुकायची, बस एवढंच. मधल्या सुट्टीत ती रस्त्यापलीकडच्या टपरीवर जायची, तिथल्या पायरीवर बूट टेकवून वडापाव खायची, छापखान्यातल्या पोरांना टोमणे मारायची. जाताना मला विचारायची, तुला काय आणू? मी म्हणायची, काही नको. मला आणलेलं नको होतं, मला जायचं होतं. पण हे सांगण्याइतकी मी कुणाशी बोलत नसे.

एके दिवशी सर नोकरीची बातमी घेऊन आले. दोन गल्ल्या सोडून एक कंपनी होती, मशीनचे सुटे भाग ऑनलाइन विकणारी. गिऱ्हाइकांच्या मेलना उत्तरं द्यायला त्यांना एक मुलगी हवी होती, इंग्रजी चांगलं असलेली. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. आमच्यात इंग्रजी शाळेत शिकलेली मी एकटीच. मी स्क्रीनकडे बघत राहिले. आनंद झाला की मी तसंच करते.

जेवणाच्या वेळी सरांनी मला बाजूला बोलावलं. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट होती पण मालाची. कंपनीने कमी टक्क्यांची मुलगी असेल तर बरं, असं सुचवलं होतं. सर वाईट माणूस नव्हते. हे सांगताना ते माझ्याकडे न बघता खुर्चीच्या चाकाकडे बघत होते. मग म्हणाले, तुझ्या शेजारणीला पाठवू, पण तिचं इंग्रजी कच्चं आहे, तू तिची तयारी करून घे.

मी घेतली. आठवडाभर तिला स्वतःची ओळख, साधा मेल, माफीचा मेल असं सगळं करायला लावलं. ती म्हणायची, "मला जाम टेन्शन येतं यार. तू पडद्यामागून बोल, मी नुसते ओठ हलवते." मी हसायची. तिने कंटाळा केला असता, तर मला तिचा राग तरी करता आला असता. पण ती येता-जाता गाडीतही पाठ करायची.

तिला नोकरी लागली. सेंटरची पद्धत अशी, की नोकरी लागलेल्याने प्रत्येकाला स्वतःच्या हाताने पेढा भरवायचा. ती आधी माझ्याकडे आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हिच्यामुळे लागली मला." तोंडात पेढा असला की बोलावं लागत नाही, ही फार चांगली सोय आहे.

मग तिचे मेसेज सुरू झाले. स्क्रीनचा फोटो आणि खाली, हे बघ ना जरा. मी उत्तर लिहून पाठवायची, ती ते टाइप करायची. कोइम्बतूरचा एक गृहस्थ होता, त्याला दर वेळी चुकीच्या मापाचा व्हॉल्व्ह जायचा. त्याची समजूत मी बाळकुमच्या सातव्या मजल्यावरून काढायची. दुपारी फोन वाजला नाही तर मी उगाच तो उघडून बघायची.

ती बाकीचेही फोटो पाठवायची. एका टेबलावर उघडलेले पाच-सहा डबे. कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक. मेल मी पटकन वाचून संपवायची आणि हे फोटो मोठे करून बघत बसायची. हा बांगड्यांचा हात कुणाचा, ही भाजी कुणी आणली, हिच्या शेजारी कोण बसतं. मेल लिहीत होते मी, आणि डबा खात होती ती.

एका संध्याकाळी तिचा फोन आला. "ऐक ना, मी ऑफिसातल्या मॅडमना सांगून टाकलं."

"काय?"

"मेल तू लिहितेस ते. मला कसंतरीच व्हायला लागलेलं. त्या बोलल्या, काम वाढलंय, एक मुलगी हवीच आहे, तर तिला घेऊ. घरून करू दे. अगं, घरबसल्या! लकी आहेस तू. मी बघ, रोज दिव्यावरून मरत येते."

तिच्या आवाजात खोट नव्हती. तिला खरंच माझा हेवा वाटत होता.

घरी सगळे खूश झाले. बाबांनी नवा इंटरनेट प्लॅन घ्यायचं ठरवलं, आईने टेबल खिडकीपाशी सरकवलं. किती सोयीचं झालं, असं शेजारच्या काकूही येऊन सांगून गेल्या. मला नोकरीतला जो भाग देत होते, तो माझ्याकडे आधीच होता. उरलेला सगळा भाग दुसऱ्या मजल्यावर होता.

मॅडमचा फोन आला तेव्हा मी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. इंग्रजीत मला कमी उघडं पडल्यासारखं वाटतं. पगार, वेळ, सगळं ठरलं. त्या फोन ठेवणार, इतक्यात मी मराठीत म्हटलं, "मॅडम, मला ऑफिसात येऊन बसायचंय."

"अगं, लिफ्ट मालाची आहे आमची."

"दार केवढं आहे तिचं?"

"मोठं आहे गं, पण बाथरूमचं लहान आहे. खुर्ची जाणार नाही."

"मी पाणी कमी पिते," मी म्हटलं. "शाळेतही तसंच करायची."

स्वयंपाकघरात आईच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. तिला हे माहीत नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "एक महिना बघू. नाही जमलं तर घरून. आणि पाणी पीत जा, दाराचं मी बघते."

पहिल्या दिवशी मी पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यांबरोबर वर गेले. हमालांनी गठ्ठे उभे करून मला जागा केली. वर ती दारातच उभी होती. तिने माझी सगळ्यांशी ओळख करून दिली, अगदी घरचं कार्य असल्यासारखी. जेवायला सगळे त्याच टेबलाभोवती बसले. टेबलाच्या पायांमुळे माझी खुर्ची आत जाईना, म्हणून मी कोपऱ्यात तिरकी. ती मधोमध. तिने गेल्या आठवड्यातल्या कुठल्याशा गमतीचा एकच शब्द काढला आणि सगळे हसून लोटपोट झाले. मला गंमत माहीत नव्हती. बांगड्यांचा हात अकाउंट्सच्या ताईंचा होता, आणि तो तिच्या पाठीवर होता.

मला हेवा वाटला, चांगलाच वाटला. घरी खिडकीपाशी वाटायचा त्याहून जास्त. पण तिथून उठून जावंसं एकदाही वाटलं नाही.

बाथरूमचं दार दुसऱ्या आठवड्यात काढलं, तिथे आता जाड पडदा आहे. महिना संपला तेव्हा मॅडमनी काही विचारलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर जाऊन मालाच्या लिफ्टसमोर थांबले.