आमच्या दूध केंद्रावरचा सायबर हल्ला

बोलून सांगायला बसले तर माझे कान लाल होतात, म्हणून लिहूनच सांगते. तुम्ही तुमचा चहा घ्या. फक्त घोट जपून घ्या हं, मी काय करून बसले ते कळलं की ठसका लागेल!

शिरूर कासारजवळ आमचं गाव. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथे दूध संकलन केंद्र चालवतात. ते सुरू झाल्यापासून आमच्या घरातलं कोणी ऊसतोडीला गेलेलं नाही, आणि माझी शाळाही मध्येच बंद पडलेली नाही. त्यामुळे त्या केंद्रात आम्हा सगळ्यांचा जीव अडकलेला.

तर यंदा आमचं दूध घेणाऱ्या मोठ्या डेअरीने फर्मान काढलं, प्रत्येक केंद्राने सायबर विमा काढायचा. कुठल्या तरी केंद्राचा कॉम्प्युटर चोरट्यांनी लांब बसूनच बंद पाडला होता म्हणे. विमा नाही, तर टँकर नाही!

विमा कंपनीने आधी एक सॉफ्टवेअर बसवायला लावलं. कॉम्प्युटरला धोका किती, ते त्यात दिव्यासारखं दिसतं : हिरवा, पिवळा, लाल. आमचा? लालभडक! होणारच की. सकाळी जो पहिला येईल त्याने केंद्र उघडायचं, ही आमच्याकडची रीत. म्हणून पासवर्ड भिंतीवर खडूने लिहिलेला. तोही काय, तर एक-दोन-तीन-चार!

"हे तूच बघ बाई," अण्णा म्हणाले. झालं! नववीतली मी एकदम सुरक्षा अधिकारी झाले. भिंत पुसली. नवा पासवर्ड केला, तो असा अवघड की माझं मलाच कौतुक वाटलं. नियम होता, कुठे लिहायचा नाही, कोणाला सांगायचा नाही. मग लक्षात कसा ठेवायचा? पाढे ठेवतो तसा! दोन आठवडे शाळेत जाता-येता मी तो घोकत होते. रस्त्यात ऐकायला होतं कोण? भामाकाकूंच्या मेंढ्या. त्या कोणाला सांगणार?

विम्याच्या फॉर्मवर प्रश्न होता, 'पासवर्ड किती व्यक्तींना माहीत आहे?' मी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'एक'. दिवा हिरवागार!

मग एका संध्याकाळी विमा कंपनीच्या मॅडम तपासणीला आल्या. बाहेर कॅन घेऊन निम्मं गाव रांगेत. मॅडम हसून म्हणाल्या, "बाळ, कॉम्प्युटर एकदा बंद करून परत चालू करून दाखव."

केला. नवा पासवर्ड केल्यापासून तो पहिल्यांदाच बंद होत होता. पासवर्डची चौकट आली. बोटं कीबोर्डवर ठेवली आणि... डोकं कोरं! सांगा, अनोळखी माणूस खांद्यावरून बघत असताना तुम्हाला सतराचा पाढा तरी आठवेल का?

काहीतरी दाबलं. चुकलं. पुन्हा दाबलं. पुन्हा चुकलं. मॅडमना फोन आला म्हणून त्या दारात गेल्या, तेवढ्यात मी घाईघाईने आणखी दोनदा चुकले. पाचव्यांदा चुकलं की कॉम्प्युटर एक दिवस बंद!

आणि त्या सॉफ्टवेअरचं इमान बघा. प्रत्येक चुकीला ते अण्णांच्या मोबाईलवर निरोप धाडत होतं : 'धोका! अनोळखी व्यक्ती आत शिरण्याचा प्रयत्न करत आहे.'

"मॅडम, हल्ला झाला!" अण्णा बाहेरून ओरडले. "फाटक लावा रे! एकाला बी सोडू नका!"

कॅन खाली, काठ्या वर! दोघं गोठ्यामागे धावले. एकाने तर कडब्याच्या गंजीत काठी खुपसून बघितली. मांजरसुंब्याहून टँकर घेऊन आलेला ड्रायव्हर कोपऱ्यात मोबाईल बघत उभा होता. धरली त्याची कॉलर!

"ह्योच हाय! कवाचा बटनं दाबतोय!"

"आवं, मी व्हिडिओ बघतोय! कावून मारता?"

मला सांगायचं होतं, पण आधी मी कॉम्प्युटरमागेच लपले. आता त्या बिचाऱ्याला मार बसणार, हे दिसल्यावर मात्र कशीबशी दारात गेले आणि म्हणाले, "अण्णा, त्यांना सोडा. चोर मी आहे."

काठ्या खाली! अण्णांच्या कपाळाला हा एवढा घाम. मॅडमनी पेन उघडलं. गेला विमा, गेलं केंद्र! माझ्या डोळ्यांसमोर ऊसतोडीचा ट्रॅक्टर उभा राहिला.

तेवढ्यात रांगेतून भामाकाकू म्हणाल्या, "अगं पोरी, रडतीस कावून? कॅपिटल के, सात, क्यू, हॅश, नऊ, झेड, झेड, चार!"

काकूंना अक्षर वाचता येत नाही. पण पन्नास मेंढ्या आवाजावरून ओळखणारं माणूस ते, दोन आठवडे रोज ऐकलेलं विसरेल होय?

"झेड दोनदा हाय बरं का," मागून कोणीतरी म्हणालं. "आमच्या बारक्याला बी पाठ हाय!"

एकेक अक्षर दाबलं. उघडला!

मॅडम हसता हसता खुर्चीतच बसल्या. म्हणाल्या, "एवढ्या निरोपांनी सॉफ्टवेअर चालतं हे तरी सिद्ध झालं. आता पासवर्ड बदला, आणि बोटाच्या ठशाने उघडणारं यंत्र जोडा. मग विमा मंजूर."

"अंगठाच लावायचा व्हता व्हय?" काकू म्हणाल्या. "मग आमी काय येवढं दिवस दुसरं करत व्हतो?"

ड्रायव्हरला अण्णांनी दोन कप चहा पाजला. टँकर भरून गेला. मी मॅडमसमोर फॉर्म ठेवला आणि खाली मान घालून विचारलं, "ते 'एक' लिहिलंय, ते खोडू का?"

"कशाला?" त्या म्हणाल्या. "आकडा बरोबर आहे. पासवर्ड माहीत नसलेली व्यक्ती गावात एकच निघाली ना!"