शिंदेकाकूंची परेड

जयपूरच्या सोडाल्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या शिंदेकाकू लाटणं घेऊन गाडीपाशी जात. प्रत्येक टायरवर एक टोला, आवाजाकडे कान, मग पुढचं चाक. काका सैन्यात होते. तिथे गाडी बाहेर काढण्याआधी तिची रोज तपासणी होते, तिला पहिली परेड म्हणतात. काका गेले, गाडी आणि परेड काकूंकडे राहिली.

"बघितल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही," हे त्या मलाही बजावत. मूळच्या साताऱ्याच्या. जयपुरात जन्म गेला तरी भाजीवाल्याशी हिंदीत घासाघीस करताना मधेच 'अगं बाई' यायचंच. दुसऱ्याच्या गाडीत पुढे बसवलं तर म्हणत, "इथं बसून काय करू, देवाचं नाव घेऊ?"

गेल्या वर्षी डॅशबोर्डवरचा टायरचा दिवा लुकलुकायला लागला. चाकातल्या हवेचा दाब सांगणारे सेन्सर संपले होते. ते टायरच्या आत, वॉल्व्हपाशी असतात. बॅटरी गेली की अख्खा सेन्सर बदलावा लागतो. काकूंनी दिव्यावर टिकली चिकटवली. "दिव्याला काय कळतंय? टायर खरं बोलतो."

पुण्याहून आलेल्या प्रशांतने, त्यांच्या मुलाने, ती टिकली पाहिली. दिवा दुरुस्त करा, नाहीतर दिवाळीत गाडी विकतो, असं सांगून गेला. काकूंचं बँक, देऊळ, मैत्रिणी, सगळं त्या गाडीवर चालायचं. मी शनिवार ठरवला: टायर उतरवायचे, चारही सेन्सर एकदम बदलायचे, नव्यांची गाडीशी ओळख करून द्यायची. गोपालपुऱ्याच्या टायरवाल्याने दुपारपर्यंत सगळं केलं. दिवा लुकलुकतच राहिला.

"नवी माणसं आणली तरी रडगाणं जुनंच," काकू वैतागल्या.

टायरवाल्याने मशीन लावून पाहिलं. "माताजी, स्टेपनी में भी एक है. डिकी खोलिए."

सामान काढलं, गालिचा उचलला. खालचं चाक धुळीने माखलेलं होतं आणि पार बसलेलं. त्याने तोही सेन्सर बदलला, हवा भरली, आणि दिवा विझला. मी लगेच फोटो काढला, प्रशांतला पाठवू म्हटलं. काकूंनी हाताने थांबवलं आणि स्वतःच फोन लावला.

"दिवा विझलाय. तरी दिवाळीत येऊन गाडी घेऊन जा."

पलीकडून त्याने कारण विचारलं असावं.

"स्टेपनी बघायला वाकावं लागतं रे. कंबर ऐकत नाही, म्हणून बघायचीच सोडली होती. तुला कुणी सांगितलं नसतं. मला तर माहीत होतं ना?"

मी म्हटलं, महिन्यातून एकदा मी बघत जाईन. त्या म्हणाल्या, "तू बघशील गं. पण चालवणार मी, तर बघायला मीच पाहिजे."

परतताना गाडी त्यांनीच चालवली, नेहमीपेक्षा सावकाश. घरापाशी गाडी पहिल्याच फटक्यात सरळ उभी राहिली. तरीही त्या बराच वेळ ती मागेपुढे घेत राहिल्या.