एरंडोलपर्यंतचा गारवा

बायकोच्या आजारात एक विचित्र गोष्ट आहे. अंग तापलं की पाय तिचं ऐकत नाहीत. नसांचा आजार, उन्हात जायचं नाही, असं डॉक्टर म्हणतात; जळगावच्या मे महिन्याला हे कोण सांगणार? त्या सकाळी धुळ्याचे डॉक्टर तिला चालवून बघणार होते. दहा पावलं टाकली तर काठीवर भागणार होतं, नाहीतर चाकाची खुर्ची.

आणि नेमका आदल्या दिवशी गाडीचा एसी बसला. मी तीस वर्षं गाड्यांच्या एसीचीच कामं करतोय. हल्लीच्या गाड्यांत नवा गॅस येतो. त्याला झडप वेगळी, तेल वेगळं, गॅस भरायचं तोंडसुद्धा मुद्दाम वेगळ्या मापाचं, म्हणजे माझ्यासारख्याने शहाणपणा करू नये. नवा गॅस पुण्याहून यायला दोन दिवस लागणार होते. मला कुठला धीर! मेहरूणच्या लेथवाल्याकडून जोड करून घेतला आणि जुनाच गॅस, जुनंच तेल आत सोडलं. गार हवा आली. मी स्वतःवर खूश झालो.

तिला काही बोललो नाही. पण गाडी निघाल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दर दोन मिनिटांनी एसीच्या जाळीपुढे हात. कधी गार, कधी कोमट. ती माहेरचं काहीतरी सांगत होती, मी हूं हूं करत कॉम्प्रेसरचा आवाज ऐकत होतो. एरंडोल मागे पडलं आणि करकर सुरू झाली. चुकीच्या तेलाने कॉम्प्रेसर खाल्ला, हे मला आवाजावरूनच कळलं. मग नुसता गरम वारा.

काचा खाली करून, मानेवर ओला टॉवेल ठेवून तिला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ पंख्याखाली बसवलं, मग उभं केलं. तिसऱ्या पावलाला गुडघे वाकले. त्यांनी खुर्ची लिहून दिली.

बाहेर बाकावर मी तिला सगळं सांगून टाकलं. लाज माझी मला वाटत होती, राग मात्र गॅसवर काढत होतो. ती धुळ्याकडची, मनाला लागलं की अहिराणीत बोलते. आवाज मुळीच चढवला नाही.

“गिऱ्हाईकनी गाडीमा भरतस का तुम्ही हाऊ गॅस?”

“नाही.”

“मंग?”

घरचंच माणूस आहे, सांभाळून घेईल, असं मी गृहीत धरलं होतं.