कागदावरचे चौदा घोडे

लातूरच्या बाहेर, नांदेड रस्त्याला माझी शेड होती. जमिनीत दोन मोठे रोलर बसवलेले. गाडीची मागची चाकं त्यांवर चढवायची, गाडी पट्ट्यांनी आवळून बांधायची आणि जागच्या जागी पूर्ण वेगानं पळवायची, म्हणजे इंजिनाची ताकद पडद्यावर दिसते. याला डायनो म्हणतात. मशीन माझं होतं, पण ट्यूनिंग करणारा माणूस वेगळा. बिलोलीकडचा, चाळिशीतला, बौद्ध घरातला. लॅपटॉपवर इंधनाचं प्रमाण आणि ठिणगीची वेळ तो अशी लावायचा की शेडबाहेर उभं राहूनही आवाजातला फरक मला कळायचा.

सहा वर्षांपूर्वी, मे महिन्यात, नांदेडचा एक कंत्राटदार लाल स्पोर्ट्स कार घेऊन आला. गाडी चारशे हॉर्सपॉवर देणार, असं मित्रांना आधीच सांगून बसला होता. आम्ही सकाळपासून मोजत होतो. तीनशे शहाऐंशीच्या पुढं गाडी जाईना.

“काका, चौदाच तर राहिलेत. बघा की काहीतरी,” कंत्राटदार मला म्हणाला.

ट्यूनर हसला. “साहेब, आणखी पिळली तर पिस्टन हातात येईल. हाय ते लई हाय.”

एवढं बोलून तो जेवायला गेला. कंत्राटदार माझ्याकडं बघत राहिला.

हवा तापली की इंजिन कमी ताकद देतं. ती तूट मशीन हिशेबात धरून आकडा वाढवून सांगतं. त्यासाठी हवेचं तापमान मोजणारी एक तार भिंतीला टांगलेली असायची. कंत्राटदाराचं लक्ष नसताना मी ती काढली आणि तापलेल्या इंजिनाच्या अंगाला नेऊन अडकवली. आकडा आला चारशे. तार मी पुन्हा भिंतीला लावली. कंत्राटदार कागद घेऊन नाचत गेला. ट्यूनर परत आल्यावर मी म्हणालो, “एक रन चांगला बसला.” त्यानं मान डोलावली. माझ्यावर संशय घ्यायचं त्याच्या मनातही आलं नाही.

दोन महिन्यांनी गाडी परत दारात.

“पुण्यात मोजली. तीनशे शहाऐंशी! दोस्तलोक हसून राहिलेत मला. चारशेचा कागद दिल्यावर सेटिंग कुणी बिघडवलं?”

“बांधा गाडी. आत्ताच मोजू,” ट्यूनर म्हणाला. त्याला कशाची भीती असणार? पट्ट्या मी आवळल्या, तार मात्र या वेळी भिंतीवरच राहू दिली. तो तारेजवळच उभा होता. आकडा आला तीनशे शहाऐंशी.

ट्यूनरनं कंत्राटदाराकडं जुना कागद मागितला, नव्याशेजारी ठेवला. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात हवेचं तापमान छापलेलं असतं. जुन्यावर अठ्ठावन्न अंश होतं. लातुरात उन्हाळा कितीही कडक असला तरी शेडमध्ये अठ्ठावन्न कधी होत नाही. त्यानं त्या आकड्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडं पाहिलं. बोलायची संधी त्यानं मला दिली होती.

खरं सांगितलं, तर माझ्या शेडमधून गेलेला प्रत्येक कागद लोक खोटा म्हणणार होते. मी म्हणालो, “सेटिंगमध्येच काहीतरी झालं असंल.”

त्यानं लॅपटॉपची वायर काढली, गुंडाळली आणि निघून गेला.

महिन्याभरात नांदेडपासून उदगीरपर्यंत त्याचं नाव खराब झालं. माझ्या नात्यागोत्यातल्यांनी तर लगेच विश्वास ठेवला. त्याच्या जागी आमच्या भावकीतला कुणी असता, तर त्यांनी दोन प्रश्न तरी विचारले असते. तो कुठं गेला, असं गिऱ्हाईक विचारायचं आणि मला तेच वाक्य पुन्हा म्हणावं लागायचं. माझी शेड, माझं मशीन, आणि मीच तिथं कोंडलेलो. शेवटी शेड बंद केली. वाक्य बंद झालं नाही; लोक ते माझ्या नावानं अजून सांगतात.

मागच्या महिन्यात बिलोलीला त्याच्या घरी गेलो. तो आता बोअरच्या मोटारी दुरुस्त करतो. त्याच्या बायकोनं चहा दिला. मी बोलायला लागलो, तसं त्यानं हात वर केला.

“काका, मला कशाला सांगता? मी तर त्याच दिवशी कागदावर वाचलंय. ज्यांना ठाऊक न्हाई, त्यांना सांगा.”

तिथून नांदेडला कंत्राटदाराकडं गेलो. त्यानं सगळं ऐकलं, म्हणाला, “जाऊ द्या हो काका, ती गाडी कवाच विकली. आता कुणाला काय पडलंय?”

ज्याचं काम गेलं त्याला पडलंय. म्हणून हे लिहून देतो आहे, कुणालाही दाखवा: त्या माणसानं लावलेलं सेटिंग पहिल्या दिवसापासून बरोबर होतं. तार मी हलवली.