छाती धरून आलेली मंडळी

आमच्या कॅज्युअल्टीत किस्से शोधायला लागत नाहीत, ते स्ट्रेचरवरून आत येतात! परळच्या एका हॉस्पिटलात मी ईसीजी काढते, बावीस वर्षं झाली. घरी सांगायला लागले की नवरा म्हणतो, "जेवताना नको." मग साठत जातात, काय करणार?

त्यातले निम्मेअधिक पॅनिक अटॅकचे. माणूस छाती धरून घामाघूम येतो आणि ईसीजी एकदम स्वच्छ. पण तोंडावर हसायचं नाही हं! त्याला खरंच वाटत असतं की आपण आता जातो. म्हणून माझा नियम आहे. आधी ईसीजीची पट्टी काढायची, डॉक्टरांना दाखवायची, मग पडद्यामागे जाऊन काय हसायचं ते हसा.

*

दादरचे एक रिटायर्ड काका. सगळी नोकरी फायली लावण्यात गेलेली. "श्वास... पुरत... नाहीये" म्हणत आले, तर काखेत जाडजूड फाइल. आजवरच्या सगळ्या पट्ट्या, लॅमिनेट केलेल्या! मी घाईत मधलीच एक ओढली. काकांनी ऑक्सिजनचा मास्क बाजूला केला आणि ओरडले, "अहो, तारखेप्रमाणे लावल्यात! क्रम बिघडवू नका!"

श्वास चांगला पुरत होता की!

*

शीवहून एक तरुण स्वतःच बाईक चालवत आला. "ताई, मी मरतोय! पण बाईक नो पार्किंगमध्ये लावलीय, उचलून नेतील का?"

"मरतोयस तर बाईक कशाला हवी रे?"

"बाबांची आहे!"

*

लालबागचे नाना. चाळीच्या तिसऱ्या मजल्यावरून चार जणांनी खुर्चीत बसवून खाली आणलेले. सगळं नॉर्मल. आमची नवी डॉक्टर मुग्धा म्हणाली, "काका, हार्ट छान आहे. पॅनिक अटॅक होता, घरी जा."

नानांचा चेहरा पडला. "घरी कसा जाऊ? अख्खी चाळ गॅलरीत उभी आहे हो! पायी जिना चढलो तर काय तोंड दाखवू? काहीतरी लावा!"

मी मनगटावर कापूस ठेवून टेप चिकटवली. नाना मान ताठ करून निघाले. नानी मात्र मागे थांबल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "दुसऱ्या हातालाही लावा. चौथ्या मजल्यावरच्यांना दोन लावल्या होत्या."

*

एक आयटीतला मुलगा. डॉक्टर मुग्धा घसा सुकेपर्यंत सांगतेय, "हळू, लांब श्वास सोडा," आणि ह्याची भात्यासारखी धापच थांबेना. बरोबर मालवणचे आजोबा. त्यांनी टोपी सारखी केली, हात जोडले आणि कॅज्युअल्टीच्या मधोमध गाऱ्हाणं सुरू केलं. "बा देवा म्हाराजा! ह्या पोराच्या छातीत जा काय इला आसा, ता इल्या वाटेन परत जांव दे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" घरचे सहा जण ओरडले.

मी धावले गप्प करायला. तेवढ्यात पोरगाही म्हणाला, "व्ह...य म्हाराजा!" चांगला लांब श्वास सोडून! चौथ्या गाऱ्हाण्याला धाप बसली. तोवर शेजारचा पाय मोडलेला पेशंट, दारावरचा वॉचमन आणि शप्पथ सांगते, डॉक्टर मुग्धासुद्धा ओरडत होती.

*

आता हा एक ऐका. गिरगावातली मुलगी, शाळेत शिकवणारी, लग्न दोन दिवसांवर. दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा, आणि श्वास असा की तोंडातून शब्द फुटेना. ईसीजीचे चिमटे मनगटाला लावतात, म्हणून मी म्हटलं, "बांगड्या जरा काढूया."

आई मध्ये पडली. "लग्नाआधी चुडा उतरवायचा? काहीतरीच काय बोलता!"

मी वाद घातला नाही. चिमटे वर दंडाला लावले, पट्टी काढली. स्वच्छ. डॉक्टर मुग्धानं ठोके मोजणारा मॉनिटर चालू ठेवून विचारलं, "कसलं टेन्शन आहे का?"

"टेन्शन कसलं?" आईच बोलली. "स्थळ एक नंबर आहे."

टिक टिक टिक. एकशे अठ्ठावीस.

"दादरला एवढा मोठा हॉल घेतलाय."

एकशे छत्तीस!

"सासू तर म्हणते, नोकरी सोड आणि राणीसारखी घरात बस."

एकशे पन्नास! मशीन बोंबलायलाच लागलं. पलीकडच्या बेडवरची म्हातारी उठून बसली. "अगो बाय, आता गप रव! तुज्या चेडवाक मारशीत!"

मुलगी डोळे मिटून पडलेली, डोळ्यांच्या कडेनं पाणी. या लग्नाबद्दल हिला कुणी एका शब्दानं विचारलेलं नाही, हे तेव्हा आम्हा सगळ्यांनाच कळलं. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू!

आईनं मान वळवून मॉनिटरकडे बघितलं. मग अगदी हळू म्हणाली, "आणि... नाहीच केलं तर?"

एकशे तीस. एकशे अठरा. एकशे दोन.

आईनं पदर खोचला, स्टुलावर बसली, मुलीचा हात मांडीवर घेतला. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मशीनला बांगड्या अडतायत ना हो?"

पट्टी काढून मला वीस मिनिटं झाली होती.

"हो," मी म्हटलं, "दोन्ही हातांतल्या."